मदत हवी आहे : डेस्कटॉपवर दिसणारी फाइल पेनड्राइव्हवर नेली, दुकानात उघडलीच नाही

पडवीतून

नमस्कार मंडळी. फोनवरून लिहितेय, चुका पोटात घाला.

मी देवगड तालुक्यातली, वय ५९. घरची आंब्याची चाळीसेक कलमं. हिशेब आजवर ह्यांच्या लाल वहीत असायचा. गेल्या वर्षी ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि वही माझ्याकडे आली. पुतण्या मुंबईला असतो. त्याने गणपतीत येताना आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, विंडोज १० वाला. गिऱ्हाइकांची नावं-पत्ते एक्सेलमध्ये घालून दिले, म्हणाला पेट्यांवर लावायची लेबलं यातूनच छापायची. दोन दिवस शिकवलंन पण. शिकवलंन म्हणजे काय, 'काकी, सोप्पं आहे गो' म्हणून माऊस माझ्या हातातून घ्यायचा आणि मी चष्मा पुसेपर्यंत काम उरकून मोकळा. त्याच्या मनगटाकडे बघून मी काय शिकणार?

तर आता अडलंय ते सांगते. घरात प्रिंटर नाही. शुक्रवारी डेस्कटॉपवरची 'पेट्या' नावाची फाइल पेनड्राइव्हवर घातली. माझी मीच घातली, कोणाला न विचारता. एस्टीने जामसंड्याला गेले, झेरॉक्सवाल्या मुलाने पेनड्राइव्ह लावला. 'पेट्या' दिसत होती, पण डबल क्लिक केलं की इंग्रजीत काहीतरी यायचं, वस्तू हलवलीय की बदललीय असं. तो म्हणाला व्हायरस असेल. भाडं गेलं, दुपार गेली. घरी येऊन बघते तर डेस्कटॉपवर तीच 'पेट्या' छान उघडतेय!

आणखी एक. डबल क्लिक माझ्या हाताला जमत नाही. दोनदा दाबेपर्यंत चित्र जागचं हलतं. परवा तर एक फाइल दुसऱ्या फोल्डरच्या पोटात गेली नि दिवसभर सापडली नाही.

पाडव्याला पहिल्या पेट्या निघतात. त्याआधी लेबलं हवीत.

मुक्काम_डोंबिवली

पेनड्राइव्हला शॉर्टकट व्हायरस लागलाय. सगळ्या फाइलींचे शॉर्टकट करून ठेवतो तो. फॉरमॅट मारा, विषय संपला.

सड्यावरचा

फॉरमॅट मारू नका काकी! पेनड्राइव्हवर दुसरं काही असेल तर तेही जाईल. आधी बघू तरी झालंय काय.

मुक्काम_डोंबिवली

मग बघा. हे सगळं यूट्यूबवर आहे, शोधलं तर पाच मिनिटांत सापडतं.

जुना_कारकून

पडवीतून, एकच प्रश्न. डेस्कटॉपवरच्या 'पेट्या'च्या चित्राला डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण आहे का? चष्मा लावून बघा, बारीक असतो.

पडवीतून

आहे! मला वाटलं नक्षी असेल. 'गूगल क्रोम'च्या चित्रालाही आहे. रिसायकल बिनला नाही.

(डोंबिवलीकर, यूट्यूबवरचा माणूसही पुतण्यासारखाच भरभर बोलतो. थांबवून थांबवून बघायचं तर थांबवायचं बटणच सापडत नाही.)

जुना_कारकून

मग व्हायरसबियरस काही नाही. बाण म्हणजे शॉर्टकट. ती फाइल नव्हेच, फाइल कुठे ठेवलीय हे लिहिलेली चिठ्ठी आहे. पुतण्याने मूळ फाइल आत कुठेतरी ठेवली, बहुतेक डॉक्युमेंट्समध्ये, आणि तुम्हाला शोधायला लागू नये म्हणून चिठ्ठी बाहेर डेस्कटॉपवर टाकली. घरी डबल क्लिक केलं की कॉम्प्युटर चिठ्ठी वाचतो, त्या ठिकाणी जातो आणि फाइल उघडतो. तुम्ही पेनड्राइव्हवर नेलीत ती चिठ्ठी. दुकानातल्या कॉम्प्युटरनेही ती वाचली, पण पत्ता तुमच्या घरातल्या डिस्कचा. तिथे त्याला काय मिळणार?

खात्री करायची तर चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबा, जी यादी येईल तिच्यात सगळ्यात खाली 'प्रॉपर्टीज' असतं. आकार एखाद-दोन केबीच, म्हणजे चिठ्ठीएवढाच, दिसेल.

आता खरी फाइल. त्याच चित्रावर पुन्हा उजवं बटण, यादीत वरच्या बाजूला 'ओपन फाइल लोकेशन'. एक खिडकी उघडेल, त्यात 'पेट्या' निवडलेलीच असेल आणि तिला बाण नसेल. तिच्यावर उजवं बटण, 'सेंड टू', मग पेनड्राइव्हचं नाव. इतकंच.

जाण्याआधी पेनड्राइव्ह उघडून एकदा बघा, तिथल्या फाइलला बाण नाही ना. मी ऑफिसात असताना आमच्या साहेबांनी असाच शॉर्टकट सीडीवर जाळून जिल्ह्याच्या मीटिंगला नेला होता. तुम्ही निदान एस्टीच्या भाड्यावर सुटलात.

पडवीतून

म्हणजे 'कुणकेश्वर ५ किमी' लिहिलेली पाटी उपटून घरी आणली आणि देवळात आल्यासारखे हात जोडले, असं झालं माझं.

जुना_कारकून

अगदी.

वेंगुर्ल्याचो

काकी, घाबरां नकात. माझ्या आवशीन पयल्याच दिवशी आख्खो स्क्रीन उलटो करून ठेवल्यान. कसो केल्यान ता अजून कोणाक कळूक नाय.

सड्यावरचा

कारकूनकाकांनी मुख्य ते सांगितलंच. मी घरच्या भाषेत सांगतो. डेस्कटॉप म्हणजे पडवी समजा (तुमचं नावच आहे). रोज हाताशी लागतं ते पडवीत: कोयती, इरलं, घमेलं. किमती सामान आत कोठीत. पडवीतल्या वस्तू खऱ्या नव्हेत, नुसत्या आठवणीपुरत्या.

खारेवारे

सड्यावरचा, इथे गल्लत होतेय आणि नवख्या माणसाला ती महागात पडेल. पडवीतली कोयती खरीच असते की! डेस्कटॉप हाही एक साधा फोल्डरच आहे. बाण नसलेली फाइल तिथे ठेवलीत तर ती खरोखर तिथेच असते आणि उडवलीत तर खरीच उडते. बाणवाली उडवलीत तर फक्त चिठ्ठी जाते, मूळ जागेवर सुखरूप. म्हणजे पडवीत खऱ्या वस्तूही आहेत आणि चिठ्ठ्याही आहेत, आणि दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. माझे वडील 'डेस्कटॉपवरचं सगळं नुसतं चित्र असतं' असं समजून साफसफाई करत बसले आणि घराच्या करारपत्राचं स्कॅन उडवलंनी. रिसायकल बिनमधून परत मिळालं म्हणून बरं. उजवं बटण, 'रिस्टोर'. पेनड्राइव्हवरून उडवलेलं मात्र सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, ते सरळ जातं. हे ध्यानात ठेवा.

सड्यावरचा

मान्य. पडवीत चिठ्ठ्याही असतात.

जुना_कारकून

जाता जाता. या चित्रांची कल्पना निघाली ती अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत. १९७३ सालचा त्यांचा 'आल्टो' आणि १९८१ सालचा 'स्टार' हे असले पहिले कॉम्प्युटर. त्या लोकांच्या डोळ्यासमोर होतं ऑफिसचं टेबल: वर कागद, बाजूला फायली, टपालाची पेटी. म्हणून नाव डेस्कटॉप. आपल्याकडे टेबलावर हिशेब ठेवतो कोण? हिशेब फडताळात, नाहीतर देवाच्या खोलीतल्या ट्रंकेत. त्यामुळे सुरुवातीला आपल्याला तो पसारा वाटतो, यात आपला काही दोष नाही. आणि गंमत म्हणजे ज्या कंपनीच्या नावाने आपण जामसंड्याला लेबलं छापायला जातो, तिच्याच माणसांनी हे काढलंय.

पडवीतून

झेरॉक्सची गंमत ह्यांना वाचून दाखवली. हसले. मग म्हणाले, 'वहीला बाण नसतो.'

केलं बघा सांगितल्यासारखं. 'ओपन फाइल लोकेशन' केलं तर डॉक्युमेंट्स, त्यात 'आंबा', त्यात बिनबाणाची 'पेट्या'. पेनड्राइव्हवर घातली, उघडून बघितली, बाण नाही. पण मागे वळून बघते तर डेस्कटॉपवरची सगळी चित्रं गायब! नुसता पुतण्याने लावलेला समुद्र. मी काहीच दाबलं नाही हो. म्हणजे दाबलं असेल काहीतरी.

खारेवारे

डेस्कटॉपवर मोकळ्या जागी उजवं बटण. 'व्ह्यू'वर माऊस न्या, बाजूला आणखी एक यादी उघडेल, तिच्यात 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'. तिथली बरोबरची खूण गेली असेल, दाबली की येते. फाइली कुठे गेलेल्या नाहीत, फक्त झाकल्या गेल्या.

त्याच यादीत 'ऑटो अरेंज आयकॉन्स' आहे. ती खूण असली की चित्रं आपोआप डाव्या बाजूला रांगेत बसतात, तुम्ही उजवीकडे नेलेलं चित्रही पुन्हा ओढून आणतात. माझ्या मते नवख्याने ती लावूनच ठेवावी.

पडवीतून

आली! जीव भांड्यात पडला.

टिकटिक

डबल क्लिकबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. मी आमच्या वाडीतल्या बायकांना शिकवते, सगळ्यांचं तिथेच अडतं. बोट दाबताना अख्खा हात दाबला जातो, माऊस सरकतो आणि कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही चित्र ओढताय. म्हणून फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. मनगट टेबलाला टेकवून ठेवा, हलवायचं ते फक्त बोट. तरी नाही जमलं तर डबल क्लिकचा नाद सोडा: एकदाच क्लिक करायचं, चित्र निळसर झालं की एंटर दाबायचं. तेच काम होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'माऊस' आहे, तिथे डबल क्लिकचा वेग कमी करता येतो. पुतण्याला फोनवर तेवढं विचारा, त्याला तीन सेकंद लागतील.

फाइल चुकून कुठे पडली तर दुसरं काहीही करायच्या आधी कंट्रोल धरून झेड. ओढलेली फाइल परत जागेवर येते. मी हे सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवते, माऊस कसा धरायचा त्याच्याही आधी. एकदा का कळलं की चूक मागे घेता येते, मग हात थरथरायचे थांबतात.

आणि पत्ते खेळा. थट्टा नाही करत. सॉलिटेर १९९० साली विंडोजबरोबर आला, तुमच्या विंडोज १० मध्येही असतो. पान उचलायचं, ओढायचं, सोडायचं, हाताला सवय होते. आमच्याकडच्या एक आजी आठवड्यात माझ्यापेक्षा भरभर ओढायला लागल्या. आता क्लासला येतात त्या पत्त्यांसाठीच.

वेंगुर्ल्याचो

खिडक्यांच्या गर्दीत डेस्कटॉप दिसेनासो झालो तर विंडोजचा बटण धरून डी. परत तेच दाबला की खिडक्यो परत. आणि लाइट जाऊच्या आधी कंट्रोल एस. आमच्याकडे वारो सुटलो की लाइट गेलीच समजा.

खारेवारे

+१. एक्सेल मधूनमधून स्वतःही प्रत ठेवतं, पण मुळात दर दहा मिनिटांनी. दहा मिनिटांत तुम्ही दहा पत्ते टाइप केलेले असता. यूपीएस (लाइट गेली तरी कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा डबा) नसेल तर घ्याच.

विंडोज १० बद्दलही एक: त्याचा नेहमीचा सपोर्ट (कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पेट्यांची यादी करायला काही हरकत नाही, पण बँकेचे व्यवहार त्यावर करण्याआधी पुतण्याशी बोला.

मुक्काम_डोंबिवली

काकी, माझं चुकलं, व्हायरस नव्हता. एक डझनी पेटी मिळेल का?

पडवीतून

डोंबिवलीकर, पाच डझनीच्या खाली पेटी नाही. नाव घालते यादीत, बिनबाणाच्या.

काल परत जामसंड्याला गेले. त्याच मुलाने पेनड्राइव्ह लावला. मी म्हटलं, 'बाण बघ आधी.' त्याने माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. उघडली. बेचाळीस लेबलं.

पण घरी येऊन चिकटवायला घेतली तर निम्म्या लेबलांवर पिन कोडच्या जागी आकडेच नाहीत, चार-पाच जाळ्या छापल्यात, फोनवर बॅलन्स बघताना शेवटी दाबतो तसल्या. यादीत पिन कोड बरोबर भरलेले आहेत, मी एकेक बघितला. याला वेगळा धागा काढू की इथेच विचारलं तर चालेल?

टिकटिक

इथेच चालेल. रकाना अरुंद झालाय, आकडा मावत नाही म्हणून जाळ्या. वर ए, बी, सी लिहिलंय ना, त्यातल्या पिन कोडच्या रकान्याच्या उजव्या रेघेवर माऊस न्या, दोन्हीकडे बाण असलेली खूण झाली की डबल क्लिक. मनगट टेकवून.

पडवीतून

सगळीकडे बाणच बाण. बघते.