लेझरचं कटिंग सरकतंय, खाचा जुळत नाहीत. मदत हवी आहे

शहापूरकर:
चतुर्थीला नऊ दिवस उरलेत आणि चार मखरांचं काम अडकलंय. ३ एमएम एमडीएफ कापतोय. चौकोन जिथून सुरू होतो तिथं परत येऊन मिळतच नाही, मिलिमीटरभर फट राहते. खाचेत खाच बसेना. गेल्या महिन्यापर्यंत झकास चालत होतं. दोन शीट वाया गेल्या. लवकर सांगा.

उद्यमबाग_फिटर:
मशीन कुठलं? लेझर डायोड की सीओटू? फट एक्सला (आडवी) पडते की वायला (पुढं-मागं)? एवढं तरी लिहा की ओ.

शहापूरकर:
डायोड, १० वॅट, ४०० बाय ४०० बेड. सॉफ्टवेअर लाइटबर्न. वायला.

निपाणीकर:
बेल्ट सैल झालाय. माझ्याकडं हेच झालं होतं. ताणा, काम झालं.

शहापूरकर:
परवाच ताणला. फरक नाही.

चिकोडी_सीएनसी:
जीआरबीएलमध्ये (मशीनच्या बोर्डावरचं फर्मवेअर) $१०१ बघा, वायला एका मिलिमीटरला मोटरच्या किती स्टेप ते. २० दातांची पुली असेल तर बहुतेक मशीनला ८० लागतं. तो आकडा बदला.

उद्यमबाग_फिटर:
अण्णा, त्याला हात लावायला सांगू नका. तो आकडा चुकला तर माप चुकतं, १०० चं ९८ येईल, पण चौकोन मिटतो. इथं मिटतच नाही. म्हणजे मोटर स्टेप सोडतेय, नाहीतर कुठंतरी घसरतंय. शहापूरकर, पुठ्ठ्यावर १०० चा चौकोन काढा आणि दोन्ही कर्ण मोजा. १४१.४ यायला हवेत.

चिकोडी_सीएनसी:
मी तीन मशीन चालवतो, उगाच बोलत नाही. मग $१२१ कमी करा, ॲक्सिलरेशन जास्त असलं तरी स्टेप सुटतात.

उद्यमबाग_फिटर:
हे पटतं. पण महिन्यापूर्वी त्याच सेटिंगवर चालत होतं ना?

खानापूर_वखार:
विषय वेगळा आहे, पण मखरवाल्यांनी वाचाच. सनबोर्ड लेझरखाली घालू नका. त्यात पीव्हीसी असतं. जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, छातीला लागतो, मशीनही गंजतं.

निपाणीकर:
वखारवाले, ३ एमएम प्लाय आहे का?

शहापूरकर:
कर्ण १४२.५ आणि १४०.४.

उद्यमबाग_फिटर:
गँट्री, म्हणजे लेझर वाहून नेणारी आडवी पट्टी, तिरकी झालीय. वायला दोन मोटरी असतील, त्यातल्या एकीची पुली शाफ्टवर घसरतेय. दोन्हीकडं शाफ्ट आणि पुलीवर मिळून पेन्सिलीची एक सरळ रेघ मारा आणि दहा मिनिटं चालवा.

शहापूरकर:
डावीकडची रेघ तुटली! पुलीवरचा तुकडा शाफ्टवरच्या तुकड्यापासून चांगला नखभर बाजूला गेलाय. पुली आवळणारा ग्रब स्क्रू शाफ्टच्या गोल भागावर टेकला होता, चपट्या बाजूवर नव्हताच. तिथं घासून चकचकीत झालंय. १.५ ची एलन की शेजारच्या सायकलवाल्याकडून आणली. मशीन बंद करून गँट्री दोन्हीकडून पुढच्या पट्टीला टेकवली, पुली चपट्यावर आणून आवळली, स्क्रूला थोडं लॉकटाइट (सैल होऊ न देणारा गोंद) लावलं. आता दोन्ही कर्ण सारखे. आताच दोन तुकडे हातानं दाबून बसवले, हातोडी लागली नाही. फिटर अण्णा, लई उपकार झाले.

उद्यमबाग_फिटर:
उजवीकडचाही स्क्रू आजच बघून घ्या.