बायरन ग्रीसला गेला; तिकडून इंग्लंडात कोण आलं?

शर्वरी_वाचते:
येत्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर ‘इंग्रज कवी आणि ग्रीस’ हा विषय माझ्या वाट्याला आलाय. बायरनचं माहीत आहे : १८२४ च्या जानेवारीत मिसोलोंघीला पोचला आणि १९ एप्रिलला तिथेच तापाने गेला. पण सगळी ये-जा एकाच बाजूने झाली का? एखादा ग्रीक कवी इंग्लंडात राहिला होता का?

जुनीवही:
कवाफी. लहानपणाची काही वर्षं लिव्हरपूल-लंडनमध्ये गेली त्याची. पुढे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने त्याला इंग्रजी वाचकांपर्यंत नेलं.

लिंकनशायरकर:
शर्वरीताई, कवाफी घ्याच, पण आंद्रेआस काल्व्होसला विसरू नका. मी इंग्लंडातल्या लिंकनशायरमधल्या लाऊथ गावाच्या जवळच राहतो, म्हणून तो मला घरचा वाटतो.

जन्म झाकिंथॉस बेटावर, १७९२. बायरन गेला त्याच १८२४ साली याचे पहिले दहा ओड (गौरवपर, गंभीर कविता) जिनिव्हात छापले गेले, पुढचे दहा १८२६ मध्ये पॅरिसला. त्यानंतर कवितेचं पुस्तक नाहीच. कॉर्फू बेटावर ब्रिटिश अमलात उभ्या राहिलेल्या आयोनियन अकादमीत शिकवलं आणि उतारवयात तो लाऊथला आला. बायको शार्लट इंग्रज. ती मुलींची शाळा चालवायची, हा तिथे शिकवायचा. १८६९ मध्ये इथेच वारला.

लाऊथच्या सेंट जेम्स चर्चचं शिखर २८७ फुटांचं, गाव यायच्या कितीतरी आधी दिसू लागतं. काल्व्होसला मात्र पुरलं गावाबाहेर, केडिंग्टनच्या छोट्याशा चर्चपाशी. गेल्या पावसाळी शनिवारी मी तिथे बराच वेळ उभा होतो. शाळेतल्या त्या मुलींपैकी एकीला तरी ठाऊक असेल का, की समोर फळ्याशी उभे असलेले हे वयस्कर गृहस्थ कोण आहेत? त्याचं एकही खात्रीचं चित्र उरलेलं नाही. मला फार गलबलून आलं.

१९६० मध्ये दोघा नवरा-बायकोच्या अस्थी झाकिंथॉसला नेल्या. कवी सेफेरिस तेव्हा लंडनमध्ये ग्रीसचे राजदूत होते, त्यांनी त्यासाठी खटपट केली.

शर्वरी_वाचते:
दादा, अंगावर काटा आला. बायरनबद्दल त्याने काही लिहिलंय का?

लिंकनशायरकर:
हो! १८२६ च्या संग्रहात एक अख्खा ओड बायरनच्या मृत्यूवर आहे. नाव ‘ब्रिटिश काव्यदेवता’. रविवारी तोच वाचून दाखवा.