आंबोलीच्या कातळावरची ४ मिमीची माशी – नवी जात?

पाणकातळ: जुलैत आंबोलीला पाझरत्या कातळावर लांब पायांची माशी दिसली. जेमतेम ४ मिमी, पंखांवर करडे ठिपके. दोन नर, एक मादी ७० टक्के अल्कोहोलमध्ये आहेत (परवानगी होती, आधीच सांगतो). कुठल्याच फोटोशी जुळत नाही. नवी असेल का?

दोनपंखी: फोटोशी जुळत नाही म्हणजे नवी, असं नसतं हो. वर्णनावरून क्रेन फ्लाय (डासासारख्या दिसणाऱ्या लांब पायांच्या माशांचा गट) वाटते. एकट्या चार्ल्स अलेक्झांडर या अमेरिकी कीटकतज्ज्ञांनी या गटाच्या ११,०००हून जास्त जातींची वर्णनं लिहिलीत, भारतातल्याही खूप. आधी ती चाळा. ठिपक्यांवर जाऊ नका, नराचं जननांग बघा. पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवलं की मऊ भाग विरघळतो, मग ग्लिसरीनमध्ये आकडे-काटे स्वच्छ दिसतात. पंखाच्या शिरांचं चित्र मात्र हातानेच काढा. काढताना डोळ्यांना जे दिसतं ते फोटोत सुटतं.

पाणकातळ: दोनच नर, त्यातला एक कापायचा? हात धजत नाही!

दोनपंखी: तुकडा फेकायचा थोडाच! त्याच नमुन्याच्या चिठ्ठीसह छोट्या कुपीत ठेवायचा. नवी ठरलीच तर एक नर होलोटाइप (ज्यावर जातीचं नाव बेततं तो मूळ नमुना) होईल, तो घरच्या कपाटात नको, पुण्याजवळ आकुर्डीला झेडएसआयचं (भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं) केंद्र आहे, तिथे द्या.

शेवाळी: आणि जातीला स्वतःचं नाव देऊ नका. नियमात बसतं, पण लोक हसतात.