विषय: फोटोंचा बॅकअप, कोणी करतं का?

मेधा:
नमस्कार मंडळी, गूगलचे १५ जीबी भरलेत, जीमेलपण त्यातच मोजतात त्यामुळे आता ईमेल यायच्या बंद होतील अशी धमकी रोज येतेय. टेकआउटने (गूगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलचीच सोय) सगळे फोटो घरच्या हार्ड डिस्कवर उतरवून गूगलवरून उडवले तर चालेल ना?

श्रीकांतकाका:
मेधा, उडवायची घाई नको गं. गूगलवरून उडवलंस की ती डिस्क म्हणजे तुझी एकमेव प्रत, बॅकअप कुठला मग? शिवाय फोनच्या अ‍ॅपमधून डिलीट करशील तर फोनवरूनही जातील. टेकआउट मागवताना फाइल साइज ५० जीबी निवड, २ जीबीवर राहिलं तर झिपांचे तुकडे गोळा करत बसशील. फोटोंबरोबर जेसन (.json) नावाच्या माहितीच्या छोट्या फायली येतात, त्या कचरा समजून टाकू नकोस, तू गूगलमध्ये बदललेल्या तारखा नि लिहिलेली वर्णनं त्यातच असतात. आणि डिस्का दोन घे, एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट कर म्हणजे मॅक-विंडोज दोन्हीकडे चालतात. दुसरी या घरात ठेवायची नाही, इथे बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तर दोन्ही एकदमच जायच्या. आमची ठाण्याला मेहुणीच्या कपाटात असते, दर भारतवारीला नवी ठेवतो जुनी आणतो, ती वैतागते पण ठेवते बिचारी.

संदीप:
आयफोनवाल्यांनो, केबल लावून कॉपी करण्याआधी 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू आहे का बघा. असेल तर बऱ्याच फोटोंची फोनमध्ये नुसती छोटी आवृत्ती असते, ओरिजिनल आयक्लाउडवर.

मेधा:
बापरे, बरं झालं विचारलं. आणि आई जुन्या अल्बममधले फोटो मोबाईलने काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, ते तसेच ठेवू का?

श्रीकांतकाका:
व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बारीक होतो, कधी-कुठे काढला ही त्यातली माहितीही पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, तसा पाठवला की आहे तसा येतो. पण खरं तर तू भारतात आईकडे जाशील तेव्हाच ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन कर. पानाला चिकटलेले असतील तर ओढू नकोस, पानासकट स्कॅन कर, सुटे असतील तर मागची बाजूपण, तिथेच तर नावं-गावं असतात. आणि आईला शेजारी बसवूनच कर, मुंजीच्या फोटोतली ती फेटेवाली मंडळी कोण ते तिच्याशिवाय कोण सांगणार. माझा स्कॅनर यूएसबीवर चालतो, हँडबॅगेत मावतो, निघायच्या आधी घेऊन जा. केबल मात्र परत आण, मागच्या वेळी कोणाकडे तरी राहिली ती अजून सापडली नाहीये.