फॅलेनोप्सिसची पानं लोंबायला लागलीत, पाणी वाढवू का?

पानोपानी
फॅलेनोप्सिस ऑर्किड आहे, फुलं दीड महिन्यापूर्वी गळली. खालची दोन पानं सुरकुतून लोंबलीत, वरची दोन अजून ताठ आहेत. पारदर्शक कुंडी, आत सगळा स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ). दिवसाआड कपभर पाणी घालते. पाणी वाढवू का? आणि फुलं गळालेला दांडा ठेवू की कापू? तो अजून हिरवा आहे.

कोळसा_आणि_साल
पाणी अजिबात वाढवू नका, आधी मुळं बघा. मॉस कायम ओला राहिला की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मग कुंडी ओलीचिंब असूनही पानांपर्यंत पाणी पोहोचत नाही. पाणी कमी पडलं काय किंवा जास्त झालं काय, पानं सारखीच सुरकुततात. त्यामुळे नुसती पानं बघून काही ठरवता येत नाही.

झाड कुंडीतून काढा, कोमट पाण्यात मॉस भिजवून हलक्या हाताने सोडवा. आता एकेक मूळ चिमटीत दाबा. चांगलं मूळ टणक लागतं, मग रंग थोडा तपकिरी असला तरी चालेल (माध्यमाचा, म्हणजे कुंडीत भरलेल्या मॉस किंवा सालीचा डाग पडतो). कुजलेलं मूळ चिमटीतच पिचतं, वरचं आवरण मोज्यासारखं सरकून हातात येतं आणि आत दोऱ्यासारखी तार उरते. ते टणक भागापर्यंत कापून टाका. कात्री आधी ज्योतीवर तापवून घ्या, नाहीतर एका झाडाचे विषाणू दुसऱ्यात जातात. दालचिनीची पूड लावायची असेल तर फक्त कापलेल्या टोकाला. सगळ्या मुळांवर भुरभुरली तर चांगली मुळंही सुकतात.

नवीन माध्यमासाठी 1 ते 2 सेंमीचे पाइन बार्कचे (पाइनच्या सालीचे) तुकडे 4 भाग, लाकडी कोळसा 1 भाग. बार्क रात्रभर भिजवून घ्या, कोरडी साल सुरुवातीला पाणी धरतच नाही. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच. लावल्यावर 4-5 दिवस पाणी नको, म्हणजे कापलेल्या जागा सुकतील.

दांडेकरीण
थोडं वेगळं मत. मॉस वाईट नाही, दाबून भरलेला मॉस वाईट. हवा फार कोरडी असेल तर सैल भरलेल्या मॉसमध्ये झाड छान राहतं. पण दिवसाआड पाणी दोन्हीत चुकीचंच. वार बघून पाणी घालू नका. कुंडी उचलून बघा: हलकी लागली आणि भिंतीलगतची मुळं हिरवी न दिसता चंदेरी दिसली की 10 मिनिटं पाण्यात ठेवा आणि पूर्ण निथळू द्या. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर लगेच टिपून घ्या, शेंडा कुजला तर वरून पुन्हा वाढ होत नाही.

दांडा बुडाशी 2 सेंमी ठेवून कापा. मुळं शाबूत असती तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या डोळ्याच्या (दांड्यावरच्या गाठीच्या) वर कापून नवीन फाट्याची वाट बघितली असती, पण आता झाडाची ताकद मुळांकडेच जाऊ द्या. खतही नको. नव्या मुळाचं चकचकीत हिरवं टोक दिसलं की 20-20-20 खत (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि दर चौथ्या वेळी नुसतं साधं पाणी, म्हणजे क्षार धुऊन निघतात.

पानोपानी
काढून बघितलं. 11 पैकी 4 मुळं टणक, बाकीची मोज्यासारखीच निघाली. दांडा कापला. बार्कमध्ये लावलंय, पण झाड डुलतंय. चालेल का?

कोळसा_आणि_साल
नाही, आधी ते थांबवा. झाड हललं की नव्या मुळांची कोवळी टोकं सालीवर घासून मरतात आणि ती मुळं तिथेच थांबतात. बाजूला काडी रोवून खोड मऊ दोरीने दोन ठिकाणी बांधा. 4 मुळांवरही झाड वाचू शकतं. थेट ऊन टाळा, पण उजेड भरपूर हवा.

दांडेकरीण
सुरकुतलेली पानं पूर्ण ताठ होतीलच असं नाही, त्यावरून निराश होऊ नका आणि ती कापूही नका, झाड त्यातलं पाणी वापरतंय. नजर मधल्या नव्या पानावर ठेवा. पुढच्या फुलांचा विचार दोन नवी पानं भरल्यावर. तेव्हा 3-4 आठवडे रात्रीचं तापमान 16 ते 18 अंश मिळालं तर दांडा निघतो. सतत 28 च्या वर राहिलं तर नुसती पानंच येत राहतात.