मदत हवी आहे: सहावी ते आठवीच्या मराठी शाळेतल्या मुलांना ‘प्रगत’ इंग्रजी कसं शिकवावं?

परळकर_बाई

नमस्कार. असा धागा आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

मी परळ भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. शाळा सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. यंदा संस्थेने शाळा सुटल्यावर ‘प्रगत इंग्रजी’ नावाचा जादा वर्ग काढला आणि तो माझ्या गळ्यात घातला. आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास, तिन्ही इयत्तांची मिळून तीसेक मुलं. परीक्षा नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही. ऐकायला मजेचं वाटतं. प्रत्यक्षात फळ्यासमोर उभं राहिलं की ‘प्रगत’ म्हणजे नक्की काय, इथूनच अडतं.

मुलं कच्ची नाहीत. घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही, पण पहिलीपासून विषय आहे, घटक चाचणीत मार्क उत्तम पडतात, अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह डोळे मिटून करतात. मात्र परळजवळच्या हिंदमाता भागात पावसाळ्यात पाणी का तुंबतं यावर पाच-सहा वाक्यं लिहा म्हटलं तर जे येतं ते असं: ‘हिंदमाता इज अ लो एरिया. रेन कम्स. वॉटर कम्स. पीपल आर सफरिंग. वी शुड कीप अवर सिटी क्लीन.’ धड चूक म्हणावी असं त्यात काही नाही, आणि धड काही सांगितलेलंही नाही.

हीच मुलं मराठीत बोलायला लागली की ऐकत राहावं. भाग बशीसारखा खोल आहे, मोठी भरती असली की नाल्यांचं पाणी समुद्रात जातच नाही, म्हणून महापालिकेने मैदानाखाली साठवणटाक्या बांधल्या, तरी भरती आणि पाऊस एका वेळी आले तर काय होईल, यावर मागच्या बाकांवर भांडण जुंपतं. म्हणजे कारणं डोक्यात आहेत, एकातून दुसरं कसं निघतं तेही माहीत आहे. इंग्रजीत उतरताना ‘म्हणून’, ‘तरी’, ‘नाहीतर’ हे सगळं गळून जातं.

त्यात संस्थेच्या एका हितचिंतकांनी अवघड शब्दांचं जाडजूड पुस्तक आणून दिलंय. रोज दहा शब्द पाठ. परिणाम: ‘माय ग्रँडमदर इज बेनेव्हलंट अँड लक्वेशस.’ आजी दयाळू आणि बडबडी असेलही, मला तिच्याबद्दल आदर आहे, पण पुढे एक वाक्य नाही.

तर विचारायचं हे, की या वयात शब्दांवर भर द्यावा की वाक्यांवर? सहावीचा मुलगा आणि आठवीची मुलगी शेजारी बसवून वाचायला काय द्यावं? वर्गात मराठी वापरावं का? (मुख्याध्यापिका म्हणतात, अजिबात नको.) आणि तीस वह्या तपासायच्या कधी, नेहमीचे वर्ग आहेतच.

‘मुलांना सरळ इंग्रजी माध्यमात घाला’ हा सल्ला कृपया नको. त्यावर इथे धाग्यांची कमी नाही.

जुना_मास्तर

बाई, तुम्ही दिलेला नमुना वाचूनच कळतं की काम वाक्याचं आहे. ते शब्दांचं पुस्तक सध्या कपाटात ठेवा.

मी वर्गात चार सुटी वाक्यं फळ्यावर लिहायचो आणि त्यांचं एक करायला सांगायचो. ‘द ट्रेन वॉज लेट. इट वॉज रेनिंग. पीपल वेटेड ऑन द प्लॅटफॉर्म. दे डिड नॉट कम्प्लेन.’ एक गट ‘अँड’ आणि ‘बट’ लावून मोकळा होतो. होऊ द्या. मग विचारायचं, यात सांगण्यासारखी बातमी कोणती? लोकांनी तक्रार केली नाही, ही. तर ती मुख्य वाक्यात जाईल आणि बाकीचं तिच्या आधाराला: ‘ऑल्दो द ट्रेन वॉज लेट बिकॉज ऑफ द रेन, द पीपल वेटिंग ऑन द प्लॅटफॉर्म डिड नॉट कम्प्लेन.’ झालं की गाडीचा उशीर ही मुख्य बातमी धरून तेच पुन्हा बांधायला लावा. ही दुसरी फेरी वेळ नाही म्हणून सोडू नका. कोणती गोष्ट वर ठेवायची आणि कोणती खाली, हे मुलं तिथे स्वतः ठरवायला लागतात.

आपल्या मुलांची गोची कुठे होते ते सांगतो. मराठीत वर्णन कितीही लांबलं तरी नामाच्या आधी येतं: ‘फलाटावर वाट बघत उभी असलेली माणसं’. इंग्रजीत माणसं आधी, त्यांचं वर्णन मागाहून. शिवाय आपल्याकडे ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ’ अशी जोडी चालते, म्हणून मूल ‘विच बॉय केम यस्टर्डे, ही इज माय ब्रदर’ लिहितं. त्याच्या दृष्टीने त्याने वाक्य नीट बांधलेलं असतं! नुसता लाल गोळा करून काही होत नाही. दोन्ही भाषांतली वाक्यं एकाखाली एक लिहा आणि कोणता तुकडा कुठून कुठे सरकला ते बाणाने दाखवा. सातवीतलं पोर चटकन पकडतं. यासाठी मराठी लागणारच, तेव्हा तुमच्या मुख्याध्यापिकांना माझा नमस्कार सांगा.

अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह पुरे आता. ग्रॅहम आणि पेरिन या अभ्यासकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेले लेखनशिक्षणाचे प्रयोग एकत्र तपासले. सुटं व्याकरण शिकवल्याचा लेखनावरचा परिणाम उलटा निघाला. वाक्यं जोडायला शिकवण्याचा बरा, आणि सारांश लिहायला शिकवण्याचा त्याहून चांगला. ते मराठी शाळांवरचे प्रयोग नव्हेत हे धरून चाला, पण माझा वर्गातला अनुभव वेगळा नाही.

कल्याण_स्लो

गाडीत उभ्याने टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मराठी माध्यमातून आलेला, आता दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहिणारा माणूस म्हणून एकच सांगतो. बाबा रोज इंग्रजी पेपर वाच म्हणायचे. अग्रलेख उघडला की पहिल्याच ओळीत मेलो. खेळाचं पान मात्र सरसर कळायचं, कारण मॅच आदल्या दिवशी पाहिलेली असायची. कोण कधी आउट झाला हे माहीत असल्यावर ‘कोलॅप्स’ म्हणजे काय ते कुणाला विचारावं लागत नाही. मुलांना आधीपासून माहीत असलेल्या विषयावरचं इंग्रजी द्या. हिंदमाताच द्या की.

शब्दवेल्हाळ

जुना_मास्तरांशी बराचसा सहमत, पण शब्दांना असं कपाटात बंद करू नका. पुस्तक चुकीचं आहे, शब्द नव्हेत.

शाळेत लागणारे शब्द वेगळे असतात. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठातले मजकूर चाळून ५७० शब्दकुळांची (एका शब्दापासून होणारी सगळी रूपं मिळून एक कूळ) यादी काढली. सर्वात जास्त वापरातले दोन हजार शब्द सोडले, तर अभ्यासाच्या मजकुरात ही कुळं सुमारे १० टक्के जागा व्यापतात. ‘इंडिकेट’, ‘रिक्वायर’, ‘व्हेरी’ (बदलणे या अर्थाचा), ‘ऑकर’, ‘एस्टिमेट’, ‘सिग्निफिकंट’ ही त्यातली मंडळी. यादी मोठ्यांच्या अभ्यासाची आहे, पण तुमच्या मुलांचं विज्ञान इंग्रजीतून आहे ना? त्यांचं पाठ्यपुस्तक उघडून बघा, हे शब्द पानोपानी भेटतील. मुलं ते प्रयोगाच्या उत्तरात पाठ करून लिहितात आणि इंग्रजीच्या तासाला विसरतात. तेच शब्द इकडे उचलून आणा. ‘लक्वेशस’ची गरज दहावीपर्यंत पडणार नाही, ‘व्हेरी’ची उद्या पडेल. आठवड्याला सहा-सात शब्द घ्या, पण प्रत्येकाचं कूळ घ्या: ‘व्हेरी, व्हेरिएशन, व्हेरिअस, व्हेरिएबल’. उपसर्ग-प्रत्यय मुलांना मराठीच्या तासाला येतातच, नवीन काही समजवावं लागत नाही.

वाचनाबद्दल. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांचं संशोधन सांगतं की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर कळायचा असेल तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नासात एक अडला तर चालेल. तीनशे शब्दांच्या पानावर सहापेक्षा जास्त अडले की ते पुस्तक त्या मुलाला एकट्याने वाचायला देऊ नका, वर्गात सगळ्यांनी मिळून वाचा. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळ फुकट आहे, गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि बऱ्याचशा मराठीतही मिळतात. चौथ्या पातळीच्या गोष्टी सहावीच्या मुलांना एकट्याने वाचायला ठीक. आठवीला मात्र त्या बालिश वाटतील, नाक मुरडतील.

आठवीची_आई

सगळं पटतंय, पण आमच्यासारख्या पालकांचाही विचार करा. या इयत्तांत स्कॉलरशिपची परीक्षा असते. मराठी माध्यमाच्या मुलांना दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा म्हणून इंग्रजी ५० गुणांना, सगळे प्रश्न बहुपर्यायी. तिथे वाक्यं जोडता येतात का हे कुणी विचारत नाही, समानार्थी शब्द विचारतात. संध्याकाळी पाऊण तास मूल शाळेत बसणार असेल तर त्याचा तिथे उपयोग व्हायला हवा, असं मला वाटलं तर ते चूक का? माझ्या मुलीच्या शाळेत असा वर्ग निघाला होता, त्यात नाटुकली बसवली आणि गॅदरिंग झाल्यावर वर्ग बंद.

परळकर_बाई

आठवीची_आई, चूक अजिबात नाही. माझ्या वर्गातल्या पालकांनीही हेच विचारलंय आणि त्यांना टाळता येणार नाही. स्कॉलरशिपला बसणाऱ्या मुलांना त्या परीक्षेचे उतारे देईन, पण पर्याय झाकून. आधी स्वतःच्या वाक्यात उत्तर लिहायचं, मग पर्याय बघायचे. पेपरचा सराव होतो आणि लिहिणंही होतं. समानार्थी शब्दांची घोकंपट्टी मात्र या तासाला घेणार नाही, त्याला नेहमीचा तास आहे.

जुना_मास्तर, बाणांची युक्ती काल आठवीच्या नेहमीच्या तासाला करून पाहिली. एका मुलीने आपण होऊन ‘मग इंग्रजीत शेपूट मागे लावायचं’ असा नियम काढला. आता वर्गात ‘शेपूट कुठंय?’ हाच प्रश्न चालू आहे.

शब्दवेल्हाळ, विज्ञानाच्या पुस्तकाकडे मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. विज्ञानाच्या सरांना विचारलं तर त्यांनी सातवीच्या एका धड्यातले डझनभर शब्द लगेच काढून दिले.

तपासणीचं आणि तीन इयत्तांचं कुणीच बोललं नाहीये अजून.

फोर्टकर

मराठी वापरण्याबद्दल माझा विरोध नोंदवतो. या मुलांच्या कानावर इंग्रजी पडण्याची आठवड्यातली जागा किती? शाळेच्या नेहमीच्या तासांपलीकडे तुमचे हे दोनच तास. तेही समजावण्यात मराठीत गेले तर मुलं बोलायला कधी शिकणार? लिहिता येणं आणि मुलाखतीत तोंड उघडता येणं यात फार अंतर आहे, आणि आपली मुलं दुसऱ्या ठिकाणी मार खातात. मास्तरांनी बाण दाखवावेत, पण पाच मिनिटांत आटपावेत.

जुना_मास्तर

फोर्टकर, पाच नाही, दहा द्या. बाकी मान्य आहे. नियम असा करता येईल: विचार जुळवताना आणि दोन भाषा ताडून बघताना मराठी, वर्गापुढे मांडताना इंग्रजीच, मोडकंतोडकं असलं तरी. मांडणारा बोलत असताना कुणी दुरुस्ती करायची नाही, तुम्हीही नाही. एकदा मध्येच टोकलेलं मूल वर्षभर हात वर करत नाही.

बाई, तीन इयत्ता ही मला अडचण वाटत नाही. चौघांचा गट करा, प्रत्येकात सहावीचं एखादं आणि आठवीचं एखादं मूल. उताऱ्याचा एक परिच्छेद वाचायचा. एकाने त्याचा सारांश दोन वाक्यांत सांगायचा, दुसऱ्याने परिच्छेदावर एक प्रश्न काढायचा, तिसऱ्याने अडलेली जागा सोडवायची, चौथ्याने पुढे काय येणार याचा अंदाज करायचा. पुढच्या परिच्छेदाला कामं फिरवायची. पालिन्सर आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये सातवीच्या मुलांबरोबर हे करून पाहिलं होतं; वाचता येतं पण कळत नाही अशी ती मुलं होती. सहावीच्या मुलाला प्रश्न काढणं सहज जमतं, अवघड काम सारांशाचं. ते सुरुवातीला तुम्ही स्वतः मोठ्याने करून दाखवा, कुठला तपशील का गाळला ते बोलत बोलत.

वह्यांचं म्हणाल तर सगळं तपासूच नका. त्या आठवड्यात वाक्यजोडणी घेतली असेल तर तेवढंच बघा, स्पेलिंगकडे काणाडोळा. प्रत्येक वेळी दोनच गटांच्या वह्या घरी न्या, बाकीच्यांनी एकमेकांच्या बघायच्या. आणि मुलाने लिहिलेलं एक वाक्य फळ्यावर घेऊन सगळ्यांनी मिळून सुधारा, नाव न सांगता.

परळकर_बाई

हे जमण्यासारखं आहे. फोर्टकर, तुमचा मुद्दाही घेतला: शेवटची पंधरा मिनिटं फक्त इंग्रजी, मांडणीसाठी. मुख्याध्यापिकांना तेवढ्यावर राजी करता येईल असं वाटतं.

शेवटचं एक. अडलेली जागा सोडवायची तर गटागटाला डिक्शनरी लागेल. शाळेत मोबाईलला बंदी आहे आणि ग्रंथालयात इंग्रजी-मराठी शब्दकोशाची एकच जीर्ण प्रत आहे. आठ प्रती घ्यायच्या तर कोणत्या प्रकारच्या घेऊ? पैसे माझ्याच पर्समधून जाणार आहेत, हे ध्यानात ठेवून सांगा.

शब्दवेल्हाळ

इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी काढलेली, ज्यांना लर्नर्स डिक्शनरी म्हणतात ती. त्यातल्या काहींमध्ये सगळे अर्थ दोन-तीन हजार ठरावीक सोप्या शब्दांतच दिलेले असतात, आणि बहुतेक अर्थांना वापराचं वाक्य असतं. ‘पॉकेट’ आवृत्ती घेऊ नका, तिच्यात बहुधा नेमकी वाक्यंच गाळलेली असतात. नव्या कोऱ्या आठ घेण्यापेक्षा आधी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकवाल्यांकडे चक्कर टाका. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची आवृत्ती असली तरी तुमच्या कामाला पुरते. आठही एकाच प्रकाशनाच्या मिळायला हव्यात असं नाही. घेताना मधली पानं आहेत का ते बघून घ्या, आणि भाव करा.