राउटरवर टक्क्यांनी बँडविड्थ वाटणाऱ्यांना (नम्र?) विनंती

खडूसकाका:
"मीटिंगला 40 टक्के, ओटीटीला 30, गेमला 20, डाउनलोडला 10. एकदा राउटरवर वाटून टाका, घरातली भांडणं मिटतील." कालची ही पोस्ट आणि तिच्यावर पडलेले बदाम बघून राहवलं नाही. अहो, बँडविड्थ (लाइनची डेटा वाहण्याची क्षमता) म्हणजे काय वडिलोपार्जित जमीन आहे, सातबाऱ्यावर हिस्से चढवायला? रात्री दोन वाजता मीटिंगच्या 40 टक्क्यांचं काय लोणचं घालायचं?

कॉल अडकतो तो वाटा कमी पडला म्हणून नाही, पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, रांग लांबली म्हणून. समजा अपलोड 10 एमबीपीएस (सेकंदाला 10 मेगाबिट), मोडेममध्ये 1 एमबीचा (8 मेगाबिटचा) बफर, म्हणजे पॅकेटं थांबायची जागा. मोबाइलने फोटोंचा बॅकअप सुरू केला की बफर तुडुंब, आणि मागून आलेलं आवाजाचं पॅकेट 800 मिलीसेकंद ताटकळतं. तुमचं बोलून झालेलं असतं, समोरचा अजून "हॅलो, हॅलो" करतोय. लाइनच्या 90-95 टक्क्यांवर शेपिंग लावा (राउटरने त्याहून वेगाने पाठवायचंच नाही), म्हणजे रांग मोडेममधून तुमच्या राउटरवर येते. मग एफक्यू-कोडेल किंवा केक चालू करा, म्हणजे रांग छोटी ठेवून सगळ्यांना आळीपाळीने सोडणाऱ्या पद्धती. केक 2018 पासून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आहे. टक्केवारी गेली खड्ड्यात.

एचटीबीभक्त:
काका, रागाच्या भरात अर्धंच सांगितलंत. एचटीबी म्हणजे ट्रॅफिकचे वर्ग (मीटिंग, ओटीटी वगैरे) पाडून वाटे ठरवायची पद्धत. तीत 'रेट' ही किमान हमी, 'सील' (सीलिंग) ही कमाल मर्यादा. मीटिंगला रेट 40 टक्के आणि सगळ्यांना सील 100 ठेवा. मीटिंग नसेल तेव्हा बाकीचे वर्ग ते उसनं घेतात, लोणचं घालायला काही उरत नाही. आमच्या ऑफिसात दहा आयपी फोन (इंटरनेटवरून चालणारे) याच जोरावर चालतात. महिनाअखेरीस अकाउंट्सवाले फाइली चढवत असतात, तरी आवाज तुटत नाही.

पेठेतला_पॅकेट:
जी.711 (आयपी फोनची आवाज पाठवायची एक पद्धत) चा एक कॉल हेडरसकट, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याबित्त्यासकट, साधारण 87 केबीपीएस. दहा कॉल म्हणजे 1 एमबीपीएससुद्धा नाही. मग 40 टक्के कोणासाठी अडवलेत, जावयासाठी? तिथे हवा अग्रक्रम, वाटा नव्हे.

आणि वर्ग ओळखणार कसा? फोनवाले निदान पॅकेटवर डीएससीपी 46 चा, म्हणजे 'मला आधी सोडा' असा, शिक्का मारतात. बाकी यूट्यूब, बॅकअप, सगळं एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) आणि एकाच पोर्टवर, म्हणजे 443 नंबरच्या दारावर. बाहेरून येणाऱ्या पॅकेटवरचा शिक्का तर बऱ्याचदा वाटेतच पुसलेला असतो. पोर्ट बघून नियम लिहायचे दिवस गेले राव.

नागपूरची_माई:
तुमचं ते पोर्टबिर्ट राहू द्या. ओटीटी खालच्या वर्गात, हे ठरवलं कोणी? आमच्या चिरंजीवांनी राउटरवर काहीतरी करून ठेवलंय, तेव्हापासून माझी मालिका 480 च्या धूसर दर्जावर, नटीचं तोंड ओळखू येत नाही. त्याच्या टीमच्या गप्पा म्हणजे काम, आणि मी दिवसभर राबून तासभर बघते ती चैन?

समान_इंटरनेट:
माईंना शंभर टक्के पाठिंबा! दूरसंचार नियामक ट्रायने 2016 मध्ये इंटरनेटवरच्या भेदभावावर बंदी घातली ती याचसाठी. घरोघरी हे छोटे अंबानी बसलेत.

खडूसकाका:
8 फेब्रुवारी 2016 चा तो नियम दरांबद्दल होता, वेगाबद्दल नाही. वेगातल्या भेदभावाविरुद्धचा निर्णय 2018 चा. हे दोन्ही निर्णय इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी. माईंच्या चिरंजीवांना ट्राय नोटीस धाडणार नाही. आधी वाचा, मग झेंडे नाचवा.

समान_इंटरनेट:
झालं, लागले शिकवायला. मुद्दा कायद्याचा नाही, वृत्तीचा आहे. ज्याच्या हातात पासवर्ड त्याचं राज्य! आमच्या होस्टेलचे वॉर्डन परीक्षेच्या नावाखाली सगळ्यांचे व्हिडिओ रखडवायचे आणि स्वतः क्रिकेट बघायचे.

एचटीबीभक्त:
वॉर्डनचा राग राउटरवर काढू नका. माई, मालिका पुढचा भाग आधीच साठवून घेते, दोन सेकंद उशीर झाला तरी कळत नाही. संभाषणात एका बाजूचा उशीर 150 मिलीसेकंदांपुढे गेला की लोक एकमेकांवर बोलायला लागतात. म्हणून आवाज आधी. चैन-बिन कोणी म्हटलेलं नाही.

नागपूरची_माई:
कळत नाही म्हणता, मग 480 का दिसतं?

पेठेतला_पॅकेट:
कारण चिरंजीवांनी ओटीटीवर सीलच खाली ठोकलंय. घ्या, हे तुमचं 'उसनं घेतात'!

एचटीबीभक्त:
तो त्या मुलाचा आगाऊपणा, एचटीबीचा दोष नाही. बरं, सील 100 आणि प्रत्येक वर्गाखाली एफक्यू-कोडेल, एवढं काकांचं मान्य. काकांनी आता पेढे वाटावेत.

खडूसकाका:
वाटतो. सर्वांना सारखे, टक्केवारी न लावता.

नागपूरची_माई:
ते सील नेमकं कुठल्या पानावर असतं ते सांगा. पासवर्ड मी संध्याकाळी काढून घेते.